चेन लांबते म्हणजे नेमके काय होते? सायकलच्या झिजेबद्दल नेहमी पडणारे प्रश्न

सायकल दुरुस्तीला नेली की ‘चेन लांबली आहे, बदलावी लागेल’ असे अनेकदा ऐकायला मिळते, आणि ऐकणाऱ्याची साहजिक समजूत होते की पायडल मारून मारून चेनच्या पट्ट्या ताणल्या गेल्या असाव्यात. तसे होत नाही. माणसाच्या पायाच्या जोराने त्या पोलादी पट्ट्या कायमच्या ताणल्या जात नाहीत. चेनची लांबी वाढते ती तिच्या सांध्यांतील झिजेमुळे. हा फरक नीट समजून घेतला, तर तेल कुठे घालावे, चेन कधी बदलावी, आणि नवी चेन बसवल्यावर सायकल आधीपेक्षा वाईट का चालते, या प्रश्नांचा उलगडा होतो. त्यातूनच एक व्यापक गोष्टही ध्यानात येते: सायकलचा कोणताही भाग एकट्याने झिजत नाही, तो ज्याला टेकलेला असतो त्यालाही झिजवत असतो, आणि बिघाड दिसतो एकीकडे तर त्याचे कारण असते दुसरीकडे.

चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचे अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये बुश (पिनेभोवतीची नळी) आणि रोलर (त्या नळीभोवती फिरणारे कडे) असलेली चेन तयार केली. सायकलच्या चेनचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. साध्या बिनगिअरच्या सायकलपासून मागच्या चाकाला बारा दातेरी चकत्या असलेल्या सायकलपर्यंत पिनांमधले अंतर तेच राहिले, चेनची रुंदी तेवढी कमी होत गेली. चेन दात्यांवर चढते आणि उतरते तेव्हा प्रत्येक सांध्यात पिन आपल्या घरात थोडी फिरते. तीही ताणाखाली फिरते, त्यामुळे पिनेचा पृष्ठभाग आणि तिचे घर दोन्ही सूक्ष्म प्रमाणात घासले जातात. प्रत्येक सांध्यात केवळ ०.०६ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढी ढिलाई आली, तरी ११४ सांध्यांच्या चेनमध्ये ती मिळून जवळजवळ ७ मिलिमीटर होते. एवढ्या झिजेला अर्धा टक्का झीज म्हणतात.

ही झीज मोजायला खास उपकरण लागतेच असे नाही. इंचांच्या खुणा असलेली पोलादी पट्टी घ्यावी, पायडलवर हलका भार देऊन चेनचा वरचा भाग ताणलेला ठेवावा, एका पिनेच्या बरोबर मध्यावर शून्याची खूण धरावी आणि बाराव्या इंचाशी काय दिसते ते पाहावे. चेन नवी असेल तर चोविसावी पिन बारा इंचांच्या खुणेवर अचूक येते. ती खुणेच्या पुढे एक सोळांश इंच गेली असेल तर अर्धा टक्का झीज झाली आहे, आणि एक अष्टमांश इंच गेली असेल तर एक टक्का. मागे अकरा किंवा बारा चकत्या असतील तर अर्ध्या टक्क्यालाच चेन बदलावी, आठ ते दहा चकत्यांसाठी पाऊण टक्क्यापर्यंत थांबायला हरकत नाही, आणि बिनगिअरच्या सायकलीवर एक टक्क्यापर्यंत चेन चालवता येते. बाजारात मिळणारी झीज मोजण्याची छोटी गेजही उपयोगी असतात, पण त्यांतील काही गेज दोन रोलर विरुद्ध दिशांना ढकलून मोजतात. त्यामुळे रोलरची ढिलाईही मापात धरली जाते आणि चेन प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा जास्त झिजलेली दिसते. घाईने चेन फेकण्यापूर्वी एकदा पट्टीने खात्री करून घ्यावी, असे माझे मत आहे.

लांबलेली चेन तुटत नाही, चालत राहते, मग ती बदलायची कशासाठी? तिच्या जोडीदारांसाठी. सांध्यांमधील अंतर वाढल्यामुळे रोलर दात्यांच्या तळाशी न बसता थोडे वर टेकतात, आणि अनेक दात्यांवर विभागला जाणारा भार एक-दोन दात्यांवर येऊ लागतो. हळूहळू दात्यांच्या खाचा त्या लांबलेल्या चेनच्या मापाने रुंदावतात. जुनी चेन आणि जुने दाते यांचे आता चांगले जमलेले असते, म्हणून चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही. अशा वेळी नवी चेन बसवली की तिचे रोलर त्या रुंदावलेल्या खाचांत नीट बसत नाहीत, आणि चढावर जोर लावताच चेन दात्यांवरून उडी मारते. नवी चेन सदोष असल्याची तक्रार बहुतेक वेळा अशीच उद्भवते. दोष चेनचा नसून मागच्या फ्रीव्हीलचा किंवा कॅसेटचा, म्हणजे मागच्या चकत्यांच्या संचाचा असतो. चेन ठरावीक एक-दोन चकत्यांवरच उडत असेल तर त्या चकत्या सर्वांत जास्त वापरल्या गेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. लहान चकतीला दाते कमी असतात, तिचा प्रत्येक दाता अधिक वेळा कामाला येतो, म्हणून ती मोठ्या चकतीच्या आधी झिजते. चेन वेळेवर बदलत राहिले तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात. चेन बदललीच नाही तर पुढे चेन, कॅसेट आणि काही वेळा पायडलजवळचे पुढचे दातेरी चेनव्हीलही एकदमच बदलावे लागते.

झीज पिनेच्या आसपास होत असल्याने तेलही तिथेच पोहोचले पाहिजे. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांवर चकचकणारे तेल काही कामाचे नसते, उलट ते धूळ धरून ठेवते आणि धूळमिश्रित तेलाचा काळा लेप पॉलिश पेपरसारखा पोलाद घासत राहतो. म्हणून तेल घालण्याआधी चेन पुसावी, मग पायडल उलटे फिरवत खालच्या बाजूच्या चेनवर आतून प्रत्येक रोलरवर एक-एक थेंब सोडावा, चेन काही वेळा फिरवून तेल आत मुरू द्यावे, आणि शेवटी कोरड्या फडक्यात चेन धरून बाहेरचे तेल शक्य तेवढे पुसून काढावे. हा शेवटचा टप्पा बहुतेक जण गाळतात. रॉकेल किंवा डिझेलने चेन धुतली असेल तर ती पूर्ण वाळल्याशिवाय तेल घालू नये, कारण आत उरलेले रॉकेल नवे तेल पातळ करून टाकते. गंजलेले नट सैल करण्यासाठी किंवा ओल हटवण्यासाठी जे पातळ स्प्रे मिळतात, ते चेनचे तेल नव्हे; ते आतले उरलेसुरले तेलही धुऊन काढतात, आणि पुढच्या काही दिवसांत चेन चिवचिवायला लागते. पावसात भिजलेली चेन त्याच दिवशी पुसून तिला तेल द्यावे.

गिअर नीट न पडण्याचे कारणही अनेकदा गिअरमध्ये नसून केबलमध्ये असते. नव्या सायकलीचे गिअर काही आठवड्यांनी बिनसतात, कारण केबलची बाहेरची नळी आपापल्या जागी घट्ट बसते आणि आतली तार त्यामानाने सैल पडते. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर मागच्या डिरेलरशी (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केबल जिथे आत शिरते तिथला गोल समायोजक पाव फेरा सैल करण्याच्या दिशेने फिरवावा. तो बाहेर आल्याने केबलचा ताण वाढतो. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू मात्र गिअर जुळवण्यासाठी नसतात. चेन सर्वांत लहान चकतीच्या पलीकडे फ्रेमकडे किंवा सर्वांत मोठ्या चकतीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून आखलेल्या त्या सीमा आहेत, आणि उगाच त्यांना हात लावल्याने होणारे नुकसान मोठे असते. सायकल उजव्या बाजूला पडल्यानंतर गिअर बिघडले असतील तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकला असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

डाव्या पायडलचे आटे उलटे का असतात, हा प्रश्न पायडल काढताना घाम गाळलेल्या प्रत्येकाला पडतो. वरवर पाहता याचे उत्तर पायडलच्या बेअरिंगच्या घर्षणात असावे असे वाटते, पण तसे असते तर आटे नेमके आता आहेत त्याच्या विरुद्ध दिशेने पाडावे लागले असते. खरे कारण असे: क्रँकच्या (पायडलला जोडलेल्या लांब भुजेच्या) भोकात पायडलचा दांडा कितीही घट्ट बसवला तरी किंचित फट राहतेच. पायाचा भार कायम खालच्या दिशेने असतो आणि क्रँक फिरत असते, म्हणजे क्रँकच्या दृष्टीने भाराची दिशा उलट फिरत राहते, आणि दांडा भोकाच्या आतल्या कडेवर अतिशय सावकाश गडगडत फिरतो. उजव्या बाजूला हे फिरणे साध्या आट्यांना घट्ट करणाऱ्या दिशेचे असते, तर डाव्या बाजूला तेच साधे आटे सैल झाले असते. म्हणून तिकडे उलटे आटे ठेवतात. लक्षात ठेवायचे एवढेच, की पायडलच्या दांड्याला वरच्या बाजूने पान्हा लावून तो पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही पायडल घट्ट होतात आणि मागच्या चाकाकडे ओढला की सुटतात. बसवताना आट्यांना ग्रीस लावावे आणि पहिले काही फेरे हातानेच द्यावेत. हाताने पायडल आत जात नसेल तर ते वाकडे लागलेले आहे किंवा चुकीच्या बाजूचे आहे. पान्ह्याने जोर केला तर क्रँकचे आटे कायमचे जातात.

पंक्चरबाबत सर्वांत महत्त्वाचे काम पॅच लावण्याचे नसून कारण शोधण्याचे असते. ट्यूब काढण्यापूर्वी टायरवरचे नाव व्हॉल्व्हच्या समोर आहे का ते पाहावे, नसेल तर खडूने खूण करावी. मग ट्यूबमध्ये हवा भरून भोक सापडले की ते व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे हे पाहून टायरमध्ये नेमकी तीच जागा तपासता येते. टायरच्या आतून बोटे अगदी हलकेच फिरवावीत, कारण मोडलेल्या काट्याचे टोक बाहेरून दिसत नाही. आतून रबराशी समपातळीत बसलेले ते टोक टायर दाबून वाकवल्यावरच वर येते. तेवढा काटा राहिला तर दुसरी ट्यूबही त्याच ठिकाणी पंक्चर होणार. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर काटा शोधण्यात अर्थ नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले आणि ट्यूब रिमच्या दोन कडांवर चिमटली गेली, असा त्याचा अर्थ होतो. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा एखाद्या स्पोकचे टोक वर आले आहे.

पॅच न टिकण्यामागे बहुधा घाई असते. भोकाभोवतीचा भाग पॅचपेक्षा थोडा मोठा घासावा, पातळ सोल्यूशन सारखे पसरावे आणि ते बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबावे. ओल्या सोल्यूशनवर बसवलेला पॅच त्या दिवशी चिकटतो आणि पुढे कडेने सुटतो, कारण सोल्यूशनमधील द्रावक उडून जाण्यापूर्वीच तो आत कोंडला गेलेला असतो.

टायरच्या मापांचा गोंधळ मात्र चालवणाऱ्यांचा दोष नाही, तो जुन्या नामकरणांचा आहे. २९ इंची टायर आणि ७००सी टायर एकाच व्यासाच्या रिमवर बसतात, तर जुना २७ इंची टायर त्यांच्याहून मोठ्या रिमचा असतो. इंचांवर विसंबून टायर आणला की तो परत करण्याची वेळ येते. टायरच्या बाजूला ३७-६२२ यासारखी आकड्यांची जोडी छापलेली असते. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. डोंगरी सायकलींच्या जुन्या २६ इंची चाकांचा हा आकडा ५५९ असतो, तर उंच दणकट जुन्या सायकलींच्या २८ इंची चाकांचा ६३५. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, पहिल्यात रिमच्या रुंदीनुसार थोडाफार फरक चालतो. टायरवर लिहिलेला हवेचा सर्वोच्च दाब ही मर्यादा असते, शिफारस नव्हे. मागच्या चाकावर भार जास्त असल्याने तिथे हवा थोडी अधिक हवी आणि तोच टायर आधी झिजतो. झिजलेला टायर पुढे टाकून नवा मागे बसवण्याचा मोह टाळावा. मागचे चाक घसरले तर सायकल बऱ्याचदा सावरता येते, पुढचे घसरले तर सहसा नाही.

चाकाचे स्पोक सायकलचा भार खांबांप्रमाणे पेलतात, असा समज दिसतो. वस्तुतः प्रत्येक स्पोक आधीपासूनच खेचलेला असतो, मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला तर हा ताण सुमारे १०० किलो वजनाएवढा असतो. सायकलवर बसल्यावर जमिनीजवळच्या स्पोकांचा ताण कमी होतो आणि चाक फिरून ते वर गेले की पूर्ववत होतो. ताणाची ही चढउतार प्रत्येक फेऱ्याला होते, आणि धातू थकून स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मध्यभागाजवळच्या) वळणावर तुटतो. यातून निघणारा निष्कर्ष थोडा अनपेक्षित आहे. सैल स्पोकांचे चाक लवकर स्पोक तोडते, कारण त्यांचा ताण प्रत्येक फेऱ्याला जवळजवळ शून्यापर्यंत उतरतो. एकामागून एक स्पोक तुटू लागले तर तुटलेलेच बदलत राहण्याऐवजी संपूर्ण चाकाचा ताण तपासून घ्यावा. चाकाचा थोडा आउट (आडवी डगमग) घरीही काढता येतो. रिम ब्रेक असतील तर ब्रेकचे रबरच मापक म्हणून वापरावे, रिम जिथे उजवीकडे घासते तिथले डावे स्पोक पाव फेऱ्याने घट्ट आणि उजवे तेवढ्याच फेऱ्याने सैल करावेत, आणि प्रत्येक वेळी चाक फिरवून पाहावे. निपल, म्हणजे रिमजवळचा स्पोकचा नट, टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घट्ट होते. आतून पाहताना ही दिशा उलटी दिसते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

ब्रेक खरखरत असतील तर रबर काढून उजेडात धरावे. त्यात चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते रिममधून निघालेल्या ॲल्युमिनियमचे कण आहेत, आणि ते रिमवर आणखी चरे पाडत आहेत. सुईच्या टोकाने ते उकरून काढावेत आणि रबराचा पृष्ठभाग हलका घासून घ्यावा. डिस्क ब्रेक किंचाळू लागले तर चेनवर फवारलेले तेल डिस्कवर उडाले आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये काही ठिकाणी मिनरल ऑइल लागते आणि काही ठिकाणी डॉट द्रव. एकाच्या जागी दुसरे घातले तर आतले रबरी सील खराब होतात, म्हणून ब्रेकवर छापलेले वाचल्याशिवाय बाटली उघडू नये.

बेअरिंगची परीक्षा सोपी आहे. चाक उचलून रिम आडवी हलवावी. टकटक जाणवली तर हबमध्ये ढिलाई आहे. अ‍ॅक्सल बोटांत धरून फिरवल्यावर खडबडीत लागला तर छर्रे किंवा कोन (छर्ऱ्यांना आवळणारा शंकूच्या आकाराचा नट) खराब झाले आहेत, किंवा कोन फार आवळला गेला आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे ढकलताना हँडलखाली ठोका बसला तर तिथला कोन सैल आहे. सायकल धुताना दाबाच्या पाण्याची धार हबवर किंवा क्रँकच्या मध्यावर मारू नये, ती सीलमधून आत शिरून ग्रीस धुऊन काढते.

राहिला तो करकरण्याचा आवाज. पायडल मारताना करकर झाली की सगळ्यांचा संशय क्रँकच्या बेअरिंगवर जातो आणि तेच प्रथम उघडले जाते, वास्तविक पोकळ फ्रेममधून आवाज कुठूनही कुठेही पोहोचतो. म्हणून आधी उभे राहून पायडल मारून पाहावे. आवाज थांबला तर तो सीटचा किंवा सीटच्या दांड्याचा आहे. धातूचा दांडा काढून, फडक्याने पुसून, ग्रीस लावून परत बसवला की बहुधा काम भागते. दांडा बसवताना त्यावरची किमान खोलीची खूण फ्रेमच्या आत राहील याकडे लक्ष द्यावे, आणि दांडा किंवा फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीसऐवजी तिच्यासाठी मिळणारी खरखरीत पेस्ट वापरावी. उभे राहूनही आवाज येत असेल तर पायडल मारणे थांबवून नुसते हँडल दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढून दाबावे. आवाज आला तर हँडल आणि स्टेमचे (हँडल सायकलला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट तपासावेत. त्यानंतर दोन्ही पायडल काढून, आटे पुसून, ग्रीस लावून पुन्हा आवळावेत, मग चेनव्हीलचे बोल्ट पाहावेत, आणि हे सगळे झाल्यावरही करकर प्रत्येक फेऱ्याला त्याच ठिकाणी होत असेल तरच क्रँकचे बेअरिंग उघडावे.